परंगीमलैच्या पायऱ्या : चेन्नईत नव्याने आलेल्यांसाठी सेंट थॉमस माउंटची वाट

नोकरीनिमित्त, शिक्षणासाठी नाहीतर मुलाकडे महिनाभर राहायला म्हणून चेन्नईत आलेल्या मराठी माणसाला पहिल्या रविवारी सगळे मरीना बीचवर पाठवतात. मरीना कुठे पळून जात नाही. आधी सेंट थॉमस माउंटवर, म्हणजे इथले लोक जिला परंगीमलै म्हणतात त्या टेकडीवर जा, असं मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. त्यामागे साधं कारण आहे. चेन्नई फार सपाट शहर आहे. मुंबईत डोंगर नाहीतर समुद्र सतत खुणेला असतो, पुण्यात कुठूनही एखादी टेकडी दिसते. इथे महिनोन्‌महिने राहूनही आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही; सगळे रस्ते सारखे, सगळे पूल सारखे. या टेकडीवर एकदा उभे राहिलात की समुद्र, विमानतळ, गिंडीचं रान, अड्यार नदी सगळं आपापल्या जागी दिसतं आणि शहर डोक्यात बसतं.

टेकडी उंच नाही. साधारण तीनशे फूट, म्हणजे नव्वदेक मीटर. पर्वती चढण्याची सवय असलेल्याला हा चढ फारसा जाणवणार नाही. पण माथ्यावरचं छोटं चर्च पाचशे वर्षांचं आहे, त्याच्या आत त्याहूनही कितीतरी जुना दगड आहे, आणि भारताचा शास्त्रशुद्ध नकाशा काढण्याची सुरुवात ज्या मोजणीने झाली तीही इथूनच सुरू झाली. अर्ध्या तासात फोटो काढून उतरण्याची ही जागा नाही. किमान अर्धा दिवस द्या.

जाण्याआधी थोडी ओळख

ख्रिस्ती परंपरा सांगते की येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमस इ. स. ५२ मध्ये मलबार किनाऱ्यावर उतरला, तिथे त्याने धर्मप्रसार केला, मग तो पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला आला आणि इ. स. ७२ मध्ये या टेकडीवर प्रार्थना करत असताना भाला लागून मारला गेला. चेन्नईत थॉमसची तीन ठिकाणं मानतात. सैदापेटजवळची छोटी टेकडी म्हणजे लिटल माउंट, तिथल्या गुहेत तो राहिला. ही मोठी टेकडी, इथे त्याचा अंत झाला. आणि समुद्रकाठचं सांथोम, तिथे त्याला पुरलं. पहिल्या शतकातला लेखी पुरावा यापैकी कशालाच नाही, आणि इतिहासकारांमध्ये त्यावरून मतभेद आहेत. पण परंपरा जुनी आहे याबद्दल वाद नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो या किनाऱ्याने गेला तेव्हा थॉमसच्या कबरीला येणाऱ्या यात्रेकरूंबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे पोर्तुगीज इथे येण्याच्या दोनशे वर्षं आधीपासून लोक या ठिकाणी येत होते.

पोर्तुगिजांनी टेकडीच्या माथ्यावर १५२३ मध्ये चर्च उभारलं. इंग्रजीत त्याला ‘अवर लेडी ऑफ एक्स्पेक्टेशन’ म्हणतात, म्हणजे बाळाची वाट पाहणारी मरियम, गरोदरपणातली मरियम. नवसाला येणाऱ्यांत मूल व्हावं म्हणून येणारी जोडपी आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून येणाऱ्या बायका बऱ्याच दिसतील. त्यांत हिंदू पुष्कळ असतात. तामिळनाडूत हे अगदी नेहमीचं आहे.

दिवस कोणता, वेळ कोणती

डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत इथला खरा पावसाळा असतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हिशेबाने कपडे आणि बेत ठरवलेत तर फसाल. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर सूर्य वर यायच्या आत चढून उतरा. दगडी पायऱ्या दुपारी अशा तापतात की अनवाणी पाय टेकवत नाही.

सकाळ की संध्याकाळ हे तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर ठरवा. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, त्यामुळे पूर्वेकडे पाहताना डोळे दिपतात, पण नैर्ऋत्येला असलेला विमानतळ स्वच्छ दिसतो. संध्याकाळी उलट. पश्चिमेचा उजेड शहरावर पडतो, पूर्वेच्या इमारती उजळतात, आणि अंधार पडू लागला की धावपट्टीचे दिवे लागतात. मला स्वतःला संध्याकाळ आवडते. चार-साडेचारला पायथ्याशी पोचावं, चर्च आधी पाहून घ्यावं आणि मग कठड्याशी निवांत थांबावं. चर्च निवांत पाहायचं असेल तर मात्र कामाच्या दिवसातली सकाळ घ्या. रविवारी प्रार्थना असतात, तेव्हा भाविकांची गर्दी असते आणि ती जागा त्यांची असते.

वर्षातला मोठा दिवस १८ डिसेंबर. या माउलीचा सण त्या दिवशी, आणि त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची विशेष प्रार्थना. आपल्या जत्रेसारखं वातावरण अनुभवायचं असेल तर त्या दिवसांत जा. फक्त पाहायचंच असेल तर टाळा. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात शुक्रवारी लोक क्रूसाच्या वाटेची प्रार्थना म्हणत पायऱ्या चढतात. गुड फ्रायडेला तर रांगच लागते.

पोचायचं कसं

मेट्रो सगळ्यात सोपी. हिरव्या मार्गाचं शेवटचं स्थानक सेंट थॉमस माउंट. महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला लागतात. तिथून हिरवा मार्ग गाडी न बदलता थेट आणतो. एग्मोरलाही हाच मार्ग आहे. विमानतळावरून निघालात तर निळ्या मार्गाने आलंदूरला या. तिथे दोन्ही मार्ग भेटतात, आणि तिथून हिरव्या मार्गाने पुढचंच स्थानक सेंट थॉमस माउंट. खरं तर टेकडी आलंदूरहून जास्त जवळ पडते, त्यामुळे तिथेच उतरून रिक्षा केली तरी चालते. लोकलने यायचं असेल तर चेन्नई बीच ते तांबरम मार्गावर याच नावाचं स्टेशन आहे, मेट्रोला लागूनच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्थानकाचं नाव सेंट थॉमस माउंट असलं तरी स्थानक टेकडीखाली नाही. मध्ये दीडेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि मधला मोठा रस्ता पायी ओलांडणं त्रासाचं आहे. रिक्षा करा. ॲपवरून केलीत तर भाड्याची घासाघीस वाचते. रस्त्यावरची केलीत तर बसण्याआधी भाडं ठरवा. चालकाला ‘परंगीमलै चर्च’ सांगा. स्थानिक लोक टेकडीला परंगीमलैच म्हणतात. आणि पायऱ्यांनी चढायचं असेल तर ‘पडिकट्टु’ असं आवर्जून सांगा, नाहीतर तो तुम्हाला गाडीरस्त्याने थेट माथ्यावर नेऊन सोडेल. माथ्यापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, त्यामुळे त्याच्या मते तो तुमचे कष्टच वाचवतो.

गुडघे दुखत असतील, बरोबर आजी-आजोबा असतील, तान्हं मूल असेल तर गाडीनेच वर जा, त्यात काही कमीपणा नाही. पण ज्याला चढता येतं त्याने पायऱ्याच चढाव्यात, हे माझं ठाम मत आहे.

कमानीपासून माथ्यापर्यंत

पायथ्याला, उत्तरेच्या बाजूला, चार कमानींचं प्रवेशद्वार आहे. वर क्रूस, आणि त्यावर कोरलेलं साल १५४७. घाईत लोक त्याखालून निघून जातात. दोन मिनिटं थांबा आणि ते साल वाचा. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून ऐंशीहून जास्त वर्षं होती. ज्याच्यातून पुढे मद्रास वाढलं तो इंग्रजांचा सेंट जॉर्ज किल्लाही १६४० च्या आसपासचा. म्हणजे मद्रास नावाचं शहर वसायच्या आधी जवळपास शतकभर ही कमान इथे उभी होती.

पायऱ्या कोजा पेत्रूस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधून घेतल्या. इराणातल्या नव्या जुल्फा गावातून तो मद्रासला आला, व्यापारात मोठा पैसा मिळवला, आणि यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून अठराव्या शतकात इथे पायऱ्या आणि सैदापेटला अड्यार नदीवर पूल, अशी दोन्ही कामं स्वखर्चाने केली. नदी ओलांडल्याशिवाय मैलापूरच्या यात्रेकरूला टेकडी गाठता येत नव्हती, म्हणून पूल आणि पायऱ्या हे एकाच वाटेचे दोन भाग आहेत. आपल्याकडे घाट आणि धर्मशाळा बांधणारे सावकार होते, त्यांच्याच जातकुळीतला हा माणूस.

पायऱ्या रुंद आहेत आणि उंचीला कमी. चढताना बाजूने चौदा ठिकाणी येशूच्या शेवटच्या प्रवासाचे प्रसंग लावलेले दिसतील: त्याला शिक्षा सुनावली तिथपासून कबरीत ठेवलं तिथपर्यंत. भाविक प्रत्येक ठिकाणी थांबून, काही जण गुडघे टेकून, प्रार्थना म्हणतात. पुढे कुणी थांबलेलं असेल तर बाजूने हळूच निघा. त्यांच्या आणि त्या चित्राच्या मधून जाऊ नका. त्या चौथऱ्यांवर बसून फोटो काढणं तर अजिबात नको. आणि ही ठिकाणं नास्तिकालाही उपयोगी आहेत, कारण ती दम घ्यायला अगदी योग्य अंतरावर आहेत. कुणी बोलावलं तर बोला, एरवी चढ शांतपणे चढा. वीस मिनिटं पुरतात, तीस घेतलीत तरी हरकत नाही.

पाण्याची बाटली, टोपी नाहीतर छत्री आणि घाम पुसायला पंचा, एवढं बरोबर हवंच. चेन्नईच्या हवेत दमटपणा इतका की हिवाळ्यातही शर्ट पाठीला चिकटतो.

चर्चच्या आत

पहिल्यांदाच चर्चमध्ये जाणारे बरेच जण दारातच अवघडतात. अवघडण्यासारखं काही नाही. कुणालाही आत जाता येतं, कुणी धर्म विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. तामिळनाडूत अनेक भाविक चर्चमध्येही चपला बाहेर काढून जातात. दाराशी चपला दिसल्या तर तुम्हीही काढा. डोक्यावरची टोपी पुरुषांनी काढायची. फोन बंद किंवा मुका. दाराजवळ छोट्या भांड्यात पवित्र पाणी असतं, त्यात बोटं बुडवून ख्रिस्ती लोक क्रूसाची खूण करतात. तुम्ही नाही केली तरी चालतं. ते तीर्थ म्हणून प्यायचं मात्र नसतं.

प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, एवढं पुरे. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंच्या हातून पांढरी पातळ भाकर घेतात. ती प्रसाद समजून घ्यायला जाऊ नका. कॅथलिकांसाठी तो ख्रिस्ताचा देह आहे आणि दीक्षा घेतलेल्यांनीच तो घ्यायचा असतो. आपण जागेवर बसून राहिलो तर कुणाला वाईट वाटत नाही, उलट समज आहे असंच वाटतं. इथे पुजारी दक्षिणा मागत नाही. द्यायचं असेल तर दानपेटी असते. मेणबत्ती लावायची जागा वेगळी केलेली असते, तिथेच लावा.

आत चर्च लहान आहे. सांथोमचं भव्य गॉथिक चर्च डोळ्यांपुढे ठेवून आलात तर आधी थोडं साधंच वाटेल. आता सरळ मुख्य वेदीकडे पाहा. तिथे भिंतीत जो काळसर दगडाचा क्रूस आहे त्यासाठी एवढ्या पायऱ्या चढायच्या. हा मार्च १५४७ मध्ये बांधकामासाठी खोदताना सापडला. पोर्तुगिजांनी घडवलेला नाही; त्यांच्या कित्येक शतकं आधीचा आहे.

जवळ जायला मिळालं तर सावकाश पाहा. क्रूसाचे चारही हात टोकांना फुलत जातात, कळीसारखे. वरून एक कबुतर खाली झेपावतं, चोच क्रूसाला टेकलेली. क्रूसाच्या पायाशी पायऱ्या, आणि बाजूंनी वर वळणारी पानं. दोन बाजूंना दोन खांब, खांबांवर मकरासारखे प्राणी, आणि त्यांच्या तोंडातून निघालेली कमान क्रूसावर वाकलेली. मकरतोरण आपण मंदिरांच्या दारांवर, मूर्तींच्या प्रभावळीत सर्रास पाहतो. इथे त्याच धाटणीची कमान क्रूसाभोवती आहे. आणि त्या कमानीच्या कडेने एक लेख कोरला आहे, लिपी पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व इराणची. अभ्यासक या क्रूसाचा काळ साधारण सातव्या ते नवव्या शतकातला धरतात. लेखाचा अर्थ लावायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत आणि प्रत्येकाचं वाचन थोडं वेगळं आहे. पण इराणशी व्यापाराने आणि धर्माने जोडलेले ख्रिस्ती लोक तेव्हा या किनाऱ्यावर होते, एवढं या दगडावरून दिसतं. अशाच पहलवी लेखाचे क्रूस केरळात कोट्टायमच्या वलियपळ्ळी चर्चमध्ये आणि इतर काही ठिकाणी आहेत, आणि गोव्यात आगशीजवळही एक २००१ मध्ये सापडला. गोव्याला नेहमी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कोकण किनाऱ्याचा आणि या टेकडीचा धागा पोर्तुगिजांच्याही मागे जातो.

भाविकांसाठी या दगडाचं महत्त्व आणखी वेगळं आहे. थॉमसने मरताना ज्या क्रूसाला मिठी मारली तो हाच, अशी श्रद्धा आहे. १८ डिसेंबर १५५८ ला प्रार्थना चालू असताना क्रूसातून रक्तासारखे थेंब पाझरले असं सांगतात, आणि पुढे १७०४ पर्यंत ते अधूनमधून घडत राहिलं अशी नोंद चर्चने जपली आहे. सणाची तारीखही तीच. म्हणून क्रूसापुढे कुणी रुमाल टेकवत असेल, डोळे मिटून उभं असेल तर त्यांचं होऊ द्या. लिपीचा फोटो काढायची घाई असली तरी थांबा. फ्लॅश नकोच, आणि फोटोला मनाई असल्याची पाटी दिसली तर वाद घालू नका.

वेदीवर मरियमेचं एक जुनं चित्र आहे. संत लूकने स्वतः ते रंगवलं आणि थॉमसने बरोबर आणलं अशी परंपरा आहे. थॉमसच्या अस्थीचा एक तुकडाही इथे जपला आहे. पोप दुसरे जॉन पॉल ५ फेब्रुवारी १९८६ ला या चर्चमध्ये येऊन गेले, आणि ही आठवण इथले लोक अजूनही अभिमानाने सांगतात.

आता बाहेर या, आणि शहर वाचा

चर्चभोवतीचं अंगण फार मोठं नाही, पण सगळ्या बाजूंनी उघडं आहे. एकाच कोपऱ्यात थांबू नका, पूर्ण फेरी मारा. मी सांगतो त्या क्रमाने पाहिलंत तर सोपं जाईल.

पूर्वेकडे तोंड करा. अगदी जवळ, खाली, रस्त्यांच्या गोल वळणांची मोठी नक्षी दिसते तो कत्तिपारा उड्डाणपूल. कार्यालयात लोक ‘कत्तिपाराला अडकलो’ म्हणतात तो हाच. त्याच्या वरून मेट्रोची पुलावरची वाट जाते. त्याच्या मागे इमारतींच्या मधोमध हिरवा मोठा पट्टा आहे ते गिंडीचं राष्ट्रीय उद्यान आणि आयआयटीचा परिसर. एवढ्या शहरात हरणं राहतात ती तिथे. त्याच्याही पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, आभाळ आणि जमिनीच्या मध्ये निळसर रेघ दिसते. तो बंगालचा उपसागर.

उत्तरेला अड्यार नदी, नंदंबाक्कमचं व्यापार केंद्र आणि त्यामागे वायव्येला उंच काचेच्या इमारती. आयटीत काम करणाऱ्या तुमच्यापैकी काही जणांचं ऑफिस तिथे सापडेल. नैर्ऋत्येला विमानतळ, आणि त्याच्या मागे त्रिशूलम-पल्लावरमच्या बोडक्या टेकड्या. या बाजूला लहान मुलं हमखास रेंगाळतात, आणि मोठेही. मुख्य धावपट्टीची रेघ टेकडीच्या अगदी जवळून जाते. वारा तसा असला की उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात आणि कठड्यासमोरून जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर सरकत जातात. चाकं खाली आलेली, पंखांच्या मागच्या फळ्या वाकलेल्या, खिडक्यांची रांग वेगळी मोजता येईल इतकी स्पष्ट. आवाज नंतर येतो. दहा मिनिटं थांबलात तर एक-दोन तरी मिळतातच. खाली छावणीचा परिसर आहे, सैन्याच्या इमारतींकडे झूम लावून फोटो काढत बसू नका.

लॅम्बटनला विसरू नका

माथ्यावर विल्यम लॅम्बटनचं स्मारक आहे. बहुतेक लोक त्याला टेकून सेल्फी काढतात आणि नाव न वाचताच जातात. मराठी माणसाने तरी ते करू नये, का ते सांगतो.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर कंपनीच्या हाती दक्षिणेचा मोठा मुलूख आला. लॅम्बटन त्या लढाईत लढलेला सैनिक अधिकारी, पण मन गणितात. त्याने प्रस्ताव मांडला की हा देश त्रिकोणांच्या जाळ्याने मोजावा. तीन उंच ठिकाणं निवडायची, एका बाजूची लांबी अचूक माहीत असली आणि कोन मोजले की बाकीच्या दोन बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष साखळी लावून एकच रेघ मोजायची, पण ती इतकी बिनचूक हवी की पुढचे शेकडो मैल तिच्यावर उभे राहतील. ती पहिली रेघ त्याने एप्रिल १८०२ मध्ये या टेकडीपासून दक्षिणेला पेरुंबाक्कमपर्यंत मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल. शंभर फुटी पोलादी साखळी, ती तिवईवरच्या लाकडी पेट्यांतून आडवी ठेवलेली, सोबत तापमापक, कारण उन्हाने पोलाद वाढलं की माप चुकणार. मद्रासच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते काम काही आठवडे चाललं.

तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे राहाल तेव्हा त्याच रेघेच्या दिशेने पाहत असता. या कामातून पुढे भारताचा महासर्वे झाला, तो हिमालयापर्यंत पोचला, राधानाथ सिकदारांनी शिखर क्रमांक पंधराची उंची जगात सर्वांत जास्त असल्याचं गणिताने काढलं, आणि त्या शिखराला लॅम्बटनच्या नंतर सर्वेक्षणाची सूत्रं घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव मिळालं.

लॅम्बटनची अर्धा टन वजनाची कोन मोजायची दुर्बीण १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर सुटून आपटली. तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले होते. लॅम्बटनने तंबूत बसून आठवड्यांच्या मेहनतीने ती स्वतः दुरुस्त केली. आणि मोजणी करत करत उत्तरेकडे सरकणारा हा माणूस जानेवारी १८२३ मध्ये, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातून चेन्नईला आलेल्या कुणीही या टेकडीवर त्याच्या नावापुढे क्षणभर थांबावं. काम सुरू झालं ती जागा इथे, आणि माणूस थांबला ती तुमच्या गावाजवळ.

खाणंपिणं आणि बारीकसारीक

माथ्यावर खाण्याचं फार काही मिळेल ही अपेक्षा धरू नका. पायथ्याशी आणि आलंदूरच्या बाजूला टिफिनची हॉटेलं पुष्कळ आहेत: इडली, पोंगल, वडा, फिल्टर कॉफी. रस्त्यावर शहाळं मिळालं तर ‘एळनीर’ म्हणून मागा; उतरल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही. चर्चच्या आवारात डबा उघडून सहल करू नका. टेकडीवर कॉन्व्हेंट आहे, तिथल्या सिस्टर्स राहतात. त्यांच्या फाटकातून आत शिरणं टाळा. मुलांना कठड्यावर बसवू नका. अंधार पडल्यावर उतरणार असाल तर पायऱ्यांऐवजी गाडीरस्ता घ्या, आणि परतीची रिक्षा माथ्यावरूनच बोलवा.

पुढे कुठे

दिवस हाताशी असेल तर थॉमसची उरलेली दोन ठिकाणंही करा, आणि क्रम उलटा ठेवू नका. सकाळी माउंट, मग निळ्या मार्गाने लिटल माउंट स्थानक. तामिळमध्ये त्याला चिन्नमलै म्हणतात, आणि रिक्षावाल्याला हेच नाव लवकर कळतं. आलंदूरहून दुसरंच स्थानक. गुहा छोटी आहे, वाकून जावं लागतं, उंच माणसाने डोकं सांभाळावं. गर्दीत गुदमरण्याचा त्रास असेल तर बाहेरूनच पाहा. दुपारी जेवून रिक्षाने सांथोम. आत्ताचं पांढरं चर्च १८९६ चं, उंच मनोऱ्याचं. थॉमसची कबर मुख्य सभागृहात शोधू नका. ती जमिनीखालच्या चॅपेलमध्ये आहे आणि तिथे जायची वाट वेगळी, चर्चच्या मागच्या बाजूने आहे. पाट्या लावलेल्या आहेत, त्यांच्या मागे जा. तिथे बोलायचं नसतं.

सांथोमहून कपालीश्वराचं मंदिर जवळच आहे. दुपारी ते बंद असतं, चारच्या सुमाराला उघडतं, त्यामुळे कबरीपाशी थोडा वेळ बसून निघालात तर वेळ बरोबर जुळते. परत यायला तिरुमयिलै स्थानकातून लोकल मिळते.